पाण्याचे अंश, औषधाची मात्रा

औषधशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तरी त्यातले बहुतेक आकडे एका न बोललेल्या गृहीतकावर उभे असतात. रुग्णाच्या शरीराचे तापमान ठरलेले आहे, हे ते गृहीतक. माणसाचे ३७ अंश, गाईचे साडेअडतीसच्या आसपास. ताप चढला तरी फरक दोन-तीन अंशांचा. त्यामुळे गोळी आठ तासांनी घ्यायची की बारा तासांनी, याचे उत्तर पुण्यात आणि ओस्लोत एकच असते, जानेवारीत आणि मेमध्येही एकच असते. माशाच्या बाबतीत हे गृहीतक पहिल्याच पायरीवर सोडावे लागते. ट्यूनासारखे मोजके अपवाद वगळले तर माशाचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच गरम किंवा थंड असते. कल्ल्यांमध्ये रक्त आणि पाणी इतके लगटून वाहतात की शरीरात तयार झालेली ऊब तिथल्या तिथे पाण्यात निघून जाते. पाणी ८ अंशांचे असेल तर माशाचे यकृतही ८ अंशांचे, आणि त्याच जातीचा मासा १८ अंशांच्या पाण्यात असेल तर तेच यकृत १८ अंशांवर काम करते.

या एका साध्या वस्तुस्थितीतून अभ्यासाचे एक पूर्ण क्षेत्र उभे राहिले आहे. संवर्धनातल्या माशाला दिलेले प्रतिजैविक किती शोषले जाते, अंगात कुठे जाते, किती काळ टिकते आणि कधी बाहेर पडते, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात पाण्याच्या तापमानाचा वाटा असतो. वाचकांनी सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी: पाण्याचे तापमान सांगितल्याशिवाय माशाच्या औषधाविषयी केलेले कोणतेही विधान अपूर्ण असते. हे क्षेत्र मत्स्यवैद्यक, रसायनशास्त्र, जीवाणूशास्त्र आणि अन्नसुरक्षा यांच्या सीमेवर आहे, म्हणून चारही बाजूंच्या पुस्तकांत ते कोपऱ्यात पडते. त्याला स्वतःची जागा मिळावी एवढे महत्त्व त्याच्यात नक्कीच आहे.

हे महत्त्व केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. औषध दिल्यानंतर मासा बाजारात न्यायच्या आधी ठरावीक काळ थांबावे लागते. दुग्धव्यवसायात ज्याला विथड्रॉवल पिरियड म्हणतात, तोच हा काळ. तो पुरेसा नसेल तर औषधाचा अंश थेट ताटात येतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने माशांतील ऑक्सिटेट्रासायक्लिनची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. युरोपीय संघाची मर्यादाही तेवढीच आहे. दुसऱ्या बाजूला, औषधाची पातळी अंगात अपुरी राहिली तर रोग बरा होत नाही आणि तग धरलेले जीवाणू प्रतिकारक्षम होत जातात. खाणाऱ्याची सुरक्षितता आणि औषधाची परिणामकारकता अशा दोन्ही तराजूंत पाण्याचे तापमान एकाच वेळी वजन टाकते. शेतकरी, पशुवैद्य, निर्यातदार आणि घरी मासे आणणारा ग्राहक, या सर्वांचा संबंध इथे येतो.

मूळ तत्त्व नवे नाही. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१४ च्या सुमारास सोनमासा, बेडूक अशा प्राण्यांवर काम करून तापमान आणि चयापचयाचा वेग यांचे नाते मांडले. जैविक क्रियांसाठी ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की वेग दुप्पट ते तिप्पट होतो. थंडीत दही लागायला उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ का लागतो, याचे उत्तरही ह्याच नियमात आहे. मात्र क्रोग यांच्याच कामातून आणखी एक बारकावा पुढे आला होता, तो नवख्या वाचकाच्या नजरेतून बहुधा निसटतो. हा गुणक सर्व तापमानांना सारखा नसतो. खालच्या टोकाला, म्हणजे पाणी बरेच थंड असताना, प्रत्येक अंशाचा परिणाम अधिक जाणवतो. पुढे थांबण्याच्या काळाचा हिशेब येईल तेव्हा हा बारकावा फार कामाला येतो.

आता एका औषधाचा माशाच्या अंगातला प्रवास जवळून पाहू. त्यासाठी ऑक्सिटेट्रासायक्लिन सोयीचे आहे, कारण मत्स्यसंवर्धनात ते दीर्घकाळ आणि जगभर वापरले गेले आहे. औषध खाद्यातून पोटात जाते, पण त्याचा लहानसाच भाग रक्तात पोचतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी या रेणूची घट्ट गाठ बसते आणि ती गाठ आतड्याच्या भिंतीतून सहज पार होत नाही. समुद्रातला मासा सतत खारे पाणी पितो, त्या पाण्यात मॅग्नेशियम मुबलक. त्यामुळे तिथे शोषण आणखी घटते. रक्तात पोचलेला भाग यकृत, मूत्रपिंड आणि मांसात पसरतो आणि कॅल्शियमच्या ओढीने हाडांत व खवल्यांतही जाऊन बसतो. मांस स्वच्छ झाल्यानंतरही हाडांत औषध बराच काळ सापडते ते याचमुळे. बाहेर पडण्याच्या वाटा प्रामुख्याने मूत्रपिंड आणि पित्त. पित्तातून आतड्यात उतरलेले औषध काही प्रमाणात पुन्हा शोषले जाते आणि फेरा लांबतो.

या प्रवासातली प्रत्येक पायरी तापमानाने हलते. थंड पाण्यात पोट सावकाश रिकामे होते, म्हणून रक्तातली पातळी उशिरा शिखर गाठते. हृदयाची गती मंद, मूत्रपिंडातून वाहणारे रक्त कमी, यकृतातील विकरे संथ. म्हणून निचरा लांबतो. फिनलंडमध्ये १९९० साली इंद्रधनुषी ट्राउटवर झालेल्या आणि नंतर वारंवार उद्धृत झालेल्या अभ्यासात मासे ५, १० आणि १६ अंशांच्या पाण्यात ठेवले होते. औषध तेच आणि जात तीच. पाणी जितके थंड, तितका औषधाचा मुक्काम लांबला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सल्फाडिमिडिन हे औषध सायप्रिनस आणि ट्राउट या दोन्ही माशांना १० आणि २० अंशांना देऊन पाहिले. सायप्रिनसमध्ये औषधाची पातळी अर्ध्यावर यायला लागणारा वेळ गरम पाण्यात जवळपास निम्मा झाला. ट्राउटमध्येही तो घटला, पण तितका नाही. तापमानाचा परिणाम सर्वत्र असतो, त्याची मात्रा मात्र जातीनुसार बदलते, ही या दोन अभ्यासांची एकत्रित शिकवण आहे. एका माशाचा आकडा दुसऱ्याला लावण्याआधी वाचकांनी ती आठवावी.

औषधानुसारही चित्र पालटते. फ्लॉरफेनिकॉल हे नव्या पिढीतले औषध अटलांटिक सामनमध्ये जवळजवळ पूर्ण शोषले जाते आणि १० ते ११ अंशांच्या पाण्यातही त्याची रक्तातली पातळी सुमारे अर्ध्या दिवसात निम्मी होते. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या बाबतीत हाच हिशेब दिवसांत मांडावा लागतो. म्हणून ‘प्रतिजैविक किती दिवस राहते?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणते औषध, कोणता मासा, गोडे की खारे पाणी आणि किती अंश, हे चारही तपशील सांगितले की प्रश्न पूर्ण होतो.

इथवर आपण औषध अंगात गेल्यानंतरचे पाहिले. प्रत्यक्ष तळ्यावर अडचण त्याआधीच, खाद्याच्या टोपलीपाशी सुरू होते. समजा, एका तलावात १,००० किलो वजनाचे मासे आहेत आणि किलोमागे रोज १० मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे. म्हणजे दिवसाला १० ग्रॅम. मासे वजनाच्या २ टक्के खात असतील तर खाद्य २० किलो लागेल आणि प्रत्येक किलो खाद्यात अर्धा ग्रॅम औषध मिसळावे लागेल. पाणी गार पडले, भूक मंदावली आणि तेच मासे अर्धा टक्काच खाऊ लागले, तर खाद्य ५ किलोच लागेल. आता किलोमागे २ ग्रॅम औषध हवे. जुन्याच मिश्रणाचे खाद्य टाकत राहिले तर माशांना ठरलेल्या मात्रेचा चौथा हिस्साच मिळेल आणि ‘औषधाचा गुण येत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. शिवाय आजारी मासा सर्वात आधी खाणे सोडतो, त्यामुळे औषधाची सर्वाधिक गरज असलेल्यालाच ते सर्वात कमी मिळते. उलट टोकाला, पाणी फार तापले तर त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. १० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. अशा वेळीही भूक मरते. न खाल्लेले औषधी खाद्य तळाला बसते, आणि थंड, अंधाऱ्या गाळात ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे औषध उन्हातल्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकून राहते.

तापमानाचा तिसरा पैलू जीवाणूंचा. मासा आणि त्याचा रोगजंतू एकाच पाण्यात राहतात, पण दोघांचे आवडते तापमान एक असेलच असे नाही. ट्राउटच्या पिलांना ग्रासणारा फ्लेव्होबॅक्टेरियम सायक्रोफिलम थंड पाण्यात, साधारण १६ अंशांखाली उचल खातो. अमेरिकेतल्या कॅटफिशला होणारा एडवर्डसिएला इक्टालुरीचा आजार २२ ते २८ अंशांच्या पट्ट्यात बळावतो. माणसाच्या रोगजंतूंवर औषध चालते की नाही हे प्रयोगशाळेत ३५ अंशांच्या आसपास तपासतात. जलचरांच्या जीवाणूंसाठी २२ आणि २८ अंशांच्या वेगळ्या प्रमाणित पद्धती ठरवाव्या लागल्या, कारण कित्येक मत्स्यजीवाणू ३५ अंशांना नीट वाढतच नाहीत. तेव्हा औषध-संवेदनशीलतेचा अहवाल हाती आला की चाचणी किती अंशांना केली, हे आधी पाहावे. आणखी एक सावधगिरी आपल्याकडच्या अनुभवातली आहे. १९८८ पासून भारतात पसरलेला माशांचा व्रणरोग हिवाळ्यात, पाणी गार पडल्यावर डोके वर काढतो. त्याच्या मुळाशी ॲफॅनोमायसिस इन्व्हडन्स हा बुरशीसदृश जीव आहे आणि प्रतिजैविकाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. निदानाआधी औषधाचा हिशेब मांडणे इथे सरळ वाया जाते.

आता नियमांकडे वळू, कारण या क्षेत्रातली सर्वात कल्पक युक्ती तिथे भेटते. थांबण्याचा काळ दिवसांत सांगितला तर तो थंड पाण्यात अपुरा आणि गरम पाण्यात विनाकारण लांब ठरतो. म्हणून युरोपात अंश-दिवस हे एकक रुळले. पाण्याचे सरासरी तापमान आणि दिवसांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे अंश-दिवस. ५०० अंश-दिवस म्हणजे ५ अंशांना १०० दिवस, १० अंशांना ५० दिवस, २५ अंशांना २० दिवस. लेबलवर नसलेल्या वापरासाठी युरोपीय संघाच्या जुन्या नियमात किमान ५०० अंश-दिवसांची अट होती. २८ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीतही जलचरांसाठी हे एकक कायम आहे. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे थांबण्याचा काळ साध्या दिवसांत सांगतात, मात्र ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या जुन्या लेबलवर तापमानाची खालची मर्यादाही घातलेली असे: सामन कुळातल्या माशांसाठी ९ अंश, कॅटफिशसाठी १६.७ अंश. त्याहून गार पाण्यात औषध वापरायचे नाही.

अंश-दिवसांचे एकक हाताळायला सोपे आहे आणि तळ्यावरचा माणूसही ते वहीत मांडू शकतो, हे त्याचे मोठेपण. तरी त्याच्या मर्यादा वाचकांनी ओळखून असाव्यात. या गुणाकारात असे धरलेले आहे की औषध बाहेर पडण्याचा वेग सेल्सिअस अंशांच्या थेट प्रमाणात वाढतो. क्रोग यांचे काम याहून वेगळे सांगते. समजा, २५ अंशांच्या पाण्यात २० दिवसांत औषध सुरक्षित पातळीखाली जाते असे दिसले. अंश-दिवसांच्या हिशेबाने १० अंशांना ५० दिवस पुरेसे व्हावेत. पण त्या औषधाचा निचरा दर १० अंशांना तिप्पट बदलत असेल, तर शंभराहून अधिक दिवस लागतील. गरम पाण्यात मिळालेला आकडा थंड पाण्याला लावताना हा धोका विशेष असतो. म्हणून जाणकार या एककाचा मान ठेवतात आणि ज्या तापमानाच्या पट्ट्यात मूळ मोजणी झाली, त्या पट्ट्यातच ते वापरतात.

या सगळ्यावरून हे क्षेत्र म्हणजे प्रतिजैविके अधिक कुशलतेने वापरण्याचे शास्त्र, असा कोणाचा समज झाला तर तो दुरुस्त करायला नॉर्वेचा दाखला पुरेसा आहे. १९८७ मध्ये नॉर्वेच्या मत्स्यसंवर्धनात सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली. थंड पाण्यातला व्हिब्रिओसिस आणि फुरंक्युलोसिस या रोगांनी तेव्हा तिथला उद्योग हैराण होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टोचून द्यायच्या तेलयुक्त लसी आल्या आणि काही वर्षांतच वापर कोसळला. आज तिथे दहा लाख टनांहून अधिक सामन तयार होतो आणि प्रतिजैविकांचा वार्षिक वापर एका टनाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. चिलीमध्ये मात्र पिसिरिकेट्सिया या हट्टी जीवाणूमुळे वर्षाला शेकडो टन औषध खपत आले आहे, त्यातही फ्लॉरफेनिकॉल आघाडीवर. औषधाचे वर्तन बारकाईने समजून घेण्याचा खरा फायदा हाच की ते कुठे निरुपयोगी आहे आणि कुठे टाळता येईल, हे आधी कळते.

आपल्या पाण्याकडे पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. या शास्त्राचा पाया मुख्यतः उत्तर युरोपातल्या ट्राउट आणि सामनवर, ५ ते १६ अंशांच्या पाण्यात रचला गेला. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया, पंगस किंवा वनामी कोळंबी वाढतात ते पाणी याच्या बरेच वरच्या पट्ट्यात असते. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, उजनीसारख्या जलाशयातले पिंजरे, सोलापूर-नगरकडची प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी आणि कोकणातली निमखाऱ्या पाण्याची कोळंबी-तळी, या चौघांचे पाणी एकाच दिवशीही सारखे नसते. उथळ शेततळ्यात पहाटेचे आणि दुपारचे तापमान कितीतरी वेगळे असते. खोल जलाशयात पृष्ठभाग आणि तळ यांत फरक पडतो. मासा यातल्या नेमक्या कोणत्या थरात असतो, हेही पाहावे लागते. मुंबईच्या वर्सोव्यातली, १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्यमहाविद्यालय यांच्यामुळे मत्स्यशास्त्राचे उच्च शिक्षण आपल्या दारात आहे, याचा अभिमान वाटावा. पायाभूत आकडे बाहेरून घेता येतात, पण आपल्या पाण्याचे आकडे आपल्यालाच मिळवावे लागतील.

या विषयात नव्याने येणाऱ्याने वाचन कसे करावे? पहिली सूचना अशी की निष्कर्षाआधी पद्धत वाचा. पाणी किती अंश, मासे त्या पाण्यात किती दिवस आधीपासून रुळलेले, वजन किती, औषध खाद्यातून दिले की टोचून, नमुना रक्ताचा घेतला की मांसाचा, एवढे तपशील एका कागदावर उतरवून घ्या. रुळण्याचा काळ वरवर किरकोळ वाटेल, पण थंड पाण्यात काही आठवडे काढलेला मासा आपल्या पेशींची आवरणे आणि विकरे काही अंशी जुळवून घेतो. काल गरम पाण्यातून आणलेल्या माशाशी त्याची तुलना होत नाही. दुसरी सूचना, ‘अर्धायुकाल’ (औषधाची पातळी अर्ध्यावर यायला लागणारा वेळ) हा शब्द दिसला की तो कुठल्या ऊतीतला आहे ते विचारा. रक्तातला आकडा लहान असतो आणि खाणाऱ्याच्या ताटाशी संबंध असतो मांसाचा. तिसरी सूचना, सरासरीवर समाधान मानू नका. एकाच टाकीतले दोन मासे सारखे खात नाहीत, म्हणून थांबण्याचा काळ सर्वात हळू निचरा करणाऱ्या माशाला धरून ठरवतात.

तुम्ही विद्यार्थी असाल तर तुम्हाला इथे गणित आणि जीवशास्त्र हातात हात घालून चालताना दिसेल, आणि एखादा सुबक प्रबंधविषयही सापडेल. मत्स्यशेतकरी असाल तर औषधाची निवड आणि मात्रा तज्ज्ञांवरच सोपवा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांसारखी बंदी असलेली औषधे कोणी कितीही आग्रहाने सुचवली तरी तळ्याजवळ येऊ देऊ नका. तुमचे स्वतःचे योगदान याहून साधे आणि मोलाचे आहे. रोज पहाटे आणि दुपारी, ठरलेल्या खोलीवर, पाण्याचे तापमान वहीत लिहा. त्याशेजारी खाद्य किती टाकले आणि किती उरले तेही लिहा. पाग टाकून पंधरवड्याला सरासरी वजन घ्या. आजारपण आलेच तर ही वही तज्ज्ञांपुढे ठेवा. मात्रा, मिश्रण आणि थांबण्याचा काळ या तिन्ही गोष्टी तिच्या आधारे ठरवता येतात, आणि वहीशिवाय त्या अंदाजानेच ठरवाव्या लागतात.

पुढील प्रकरणांत समीकरणे येतील, आलेख येतील, अवघड नावांचे जीवाणू येतील. त्यांनी बिचकून जाऊ नये. प्रत्येक आलेखापाशी थांबून ‘हे पाणी किती अंशांचे?’ एवढे विचारले तरी अर्धा आलेख उलगडतो. गरम पाण्यातल्या भारतीय माशांसाठी विश्वासार्ह आकडे उभे करण्याचे काम अजून बरेच बाकी आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळेइतकीच तळ्यावरच्या नोंदींची गरज आहे. या कामात नव्या माणसांना भरपूर जागा आहे. वाचकांनी ती हक्काने घ्यावी.